वही जाळू नका, ताई

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ५१. जीमेल, दोन बँका, एलआयसी, डिजिलॉकर, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, शिवाय शाळेचं सरल आणि यूडायस, असे तीसेक पासवर्ड झालेत. सगळे एका वहीत लिहिलेत. खरं सांगायचं तर त्यातले वीस एकच आहेत, शेवटचा आकडा फक्त वेगळा. मुलगा म्हणतो, वही जाळून टाक आणि मोबाइलमध्ये ॲप घे. मला ॲपची भीती वाटते आणि लक्षात काही राहत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, वही जाळू नका. तुमच्या प्रश्नात मला काळजी वाटली ती वहीची नाही, त्यापुढच्या वाक्याची. वीस ठिकाणी एकच पासवर्ड.

मी गेली बावीस वर्षं पतसंस्था, दवाखाने, एकदोन कॉलेजं इथले संगणक सांभाळतो. एवढ्या काळात कपाटातली वही चोरून परक्याने कुणाचं खातं रिकामं केल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. घरातल्याच माणसाने केलेलं दोनदा पाहिलंय, त्यावर पुढे येतो. पण एकच पासवर्ड सगळीकडे वापरून फसलेल्यांची गणती ठेवणं मी सोडून दिलंय, आणि त्या गणतीत मीही आहे. २०१२ च्या सुमारास मी एका नोकरीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं आणि आळसाने मेलचाच पासवर्ड तिथेही दिला. काही वर्षांनी एके दिवशी पहाटे मावशीचा फोन. 'तू मनिलाला कधी गेलास रे, आणि पाकीट कसं हरवलं?' माझ्या मेलवरून ओळखीच्या सगळ्यांना पैशाची याचना गेली होती. माझा मेल कुणी 'फोडला' नव्हता. त्या नोकरीवाल्यांकडची यादी बाहेर पडली होती, आणि यादीतली किल्ली कुणीतरी माझ्या मेलच्या कुलपाला लावून पाहिली. लागली.

असंच होतं, आणि यंत्रं ते करतात. एकीकडून फुटलेली यादी घ्यायची आणि तीच नावं, तेच पासवर्ड शंभर ठिकाणी लावून पाहायचे. याद्यांना तोटा नाही. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, तेही जसेच्या तसे, वाचता येतील असे. त्यात सगळ्यात लाडका होता १२३४५६. २०१२ मध्ये लिंक्डइनचे फुटले. आधी ६५ लाखांचा आकडा आला, २०१६ मध्ये कळलं की ११ कोटींच्या वर होते.

तिथे एक बारकावा आहे, तुम्ही शिकवता म्हणून सांगतो. चांगली संकेतस्थळं तुमचा पासवर्ड साठवत नाहीत, तो दळून पीठ साठवतात. पिठावरून गहू परत मिळत नाही. तुम्ही पुन्हा गहू टाकता, ते पुन्हा दळतात आणि पीठ जुळलं की आत सोडतात. पण एकाच जातीचा गहू सगळ्यांनी आणला तर सगळ्यांचं पीठ सारखंच निघणार, आणि चोराने घरी बसून लाखो प्रकारचे गहू दळून ठेवले असतील तर तो नुसतं पीठ पाहून जात ओळखेल. म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट टाकायची पद्धत आहे. तिला खरोखर मीठच म्हणतात. १९७९ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ती मांडली होती. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी लिंक्डइनच्या पिठात मीठ नव्हतं. मुद्दा असा, की समोरचा गिरणीवाला कसा दळतो ते तुम्हाला कधीच दिसत नाही. आपल्या हातात एवढंच, एकाचं पीठ सांडलं तरी दुसऱ्याकडचा गहू वेगळा असावा.

आणि 'शेवटचा आकडा वेगळा' याचा उपयोग शून्य. आकडा बदलून पाहणं ही त्या यंत्रांची पहिली खेळी असते. तसंच देवाचं नाव, मग @, मग १२३. आपल्याकडे मी इतके गणेश आणि साईराम पाहिलेत, की कुणी पासवर्ड विसरला तर निम्म्या वेळा मीच अंदाजाने सांगतो.

आता कामाचं.

लक्षात ठेवायचे फक्त तीन: मोबाइलचं कुलूप, मेलचा पासवर्ड, आणि ॲप घेतलंत तर त्याचा मुख्य पासवर्ड. शिवाय एटीएम आणि यूपीआयचे पिन, ते तुम्हाला पाठच असतील. बाकीचे पंचवीस लक्षात ठेवायचा प्रयत्नही करू नका. माणसाचं डोकं त्यासाठी नाही. आपण लक्षात ठेवायला जातो म्हणूनच ते सारखे होतात.

यात मेल सगळ्यात मोठा. बँकेपेक्षाही. लोकांना हे उलटं वाटतं. पण बँकेत तीनचार वेळा चुकलं की खातं अडकतं, वर ओटीपी असतो. मेल उघडला तर 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवून चोर एकेका ठिकाणची नवी किल्ली बनवून घेतो, आणि ती किल्ली मेलवरच येते. म्हणून आज एकच गोष्ट करणार असाल तर जीमेलला नवाकोरा, दुसरीकडे कुठेही नसलेला पासवर्ड द्या. फक्त सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बदलू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा सोमवार आमच्या धंद्यात विसरलेल्यांचा वार असतो.

तो बनवायचा कसा? डोक्यातून नाही. डोक्यातून आलेला शब्द म्हणजे मुलाचं नाव, गाव, देव, लग्नाचं साल. सापशिडीचा फासा घ्या. ही थट्टा नाही. अर्नोल्ड राइनहोल्ड नावाच्या गृहस्थाने १९९५ मध्ये ही रीत सांगितली: पाच वेळा फासा टाकायचा, येणाऱ्या पाच अंकांसमोरचा शब्द ७७७६ शब्दांच्या यादीतून घ्यायचा, असे पाचसहा शब्द ओळीने ठेवायचे. यादी इंग्रजी आहे आणि आपल्याला परक्या शब्दांची ओळ पाठ राहत नाही. म्हणून मी मराठीत धाकटी यादी करायला सांगतो, आणि तुमच्या हाताशी तर वर्ग आहे.

वहीची सहा पानं घ्या. प्रत्येक पानावर सहा उभ्या, सहा आडव्या घरांचा तक्ता, म्हणजे ३६ शब्द. सहा पानांचे २१६. शब्द साधे, डोळ्यासमोर दिसणारे: बैल, कुलूप, मोहरी, पणती, विळा, दोर. मुलांकडून गोळा केलेत तरी चालेल, यादी गुप्त नसतेच. गुप्त असतो तो फासा काय पडला ते. पहिला फासा पान सांगतो, दुसरा ओळ, तिसरा घर. तीन पडला, पाच पडला, दोन पडला: तिसरं पान, पाचवी ओळ, दुसरं घर, 'बैल'. असं सहा वेळा. समजा निघालं, बैल, पणती, विमान, कढई, दोर, बटाटा. न आवडलेला शब्द बदलून घ्यायचा नाही, नाहीतर पुन्हा तुमची आवडनिवड आत शिरते. सहा शब्दांचे असे एक कोटी कोटी प्रकार होतात. मेलला तेवढं पुरे. ॲपच्या मुख्य पासवर्डाला सात शब्द घ्या, मग ते २१९ कोटी कोटी होतात, कारण तिथे चोराला तिजोरीच हाती लागली तर घरी बसून हवा तेवढा वेळ मिळतो. त्याउलट चार आकडी पिनचे दहा हजारच प्रकार, आणि तो वाढदिवस असेल तर ३६६. गाडीच्या नंबरबद्दल बोलतच नाही, तो गाडीवर लिहिलेला असतो.

मराठीची एक खास अडचण इथे येते, आणि ती कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. आपण टंकतो रोमन अक्षरांत. 'पाऊस' लिहिताना ए एकदा की दोनदा? 'पूल'मध्ये यू की दोन ओ? 'वारा' व्हीने की डब्ल्यूने? 'फणस' एफने की पीएचने? ज्या दिवशी पासवर्ड केला त्या दिवशी एक सुचतं, महिन्याने दुसरं, आणि माणूस शपथेवर सांगतो की पासवर्ड आपोआप बदलला. म्हणून यादी करतानाच एक नियम वहीवर लिहून टाका: आ म्हणजे एकच ए, व म्हणजे व्ही, ऊ म्हणजे एकच यू, सगळी अक्षरं लहान. आणि ज्या शब्दाचं काय करावं असा प्रश्न पडतो, तो यादीतून काढा. 'तऱ्हा', 'ज्ञान', 'ऋतू' सगळे बाहेर.

मग देवनागरीतच का ठेवू नये, असं बरेच मराठीप्रेमी विचारतात. कारण बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि जिथे घेतात तिथे 'तऱ्हा'मधलं ते अर्धं र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतं. दिसतं एकसारखं, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. घरचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, शाळेतला दुसरी. मी एकदा हौसेने करून पाहिलं, आणि स्वतःच्या खात्याबाहेर तीन दिवस उभा होतो.

पाठ करायला चित्र करा. बैलाच्या शिंगावर पणती, बैल विमानात, कढईला दोर बांधून बटाटा ओढतोय. जितकं खुळचट तितकं टिकतं. पहिला आठवडा दिवसातून तीनदा मेलमधून बाहेर पडा आणि परत आत जा. तोवर चिठ्ठी घरात असू द्या, मग फाडा. बोटांना वळण लागलं की डोक्याला विचारावं लागत नाही.

आता ॲप की वही? मुलाचं मत चुकीचं नाही. पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये एक गुण आहे जो वहीत कधीच येणार नाही: ते पत्ता ओळखतं. बँकेसारखं दिसणारं खोटं पान उघडलं तर तुमचे डोळे फसतील, ॲप फसत नाही. पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी ते पासवर्ड भरतच नाही. रोजच्या जागी ते एकदम गप्प बसलं तर तीच धोक्याची घंटा समजा. लोक अशा वेळी 'ॲप बिघडलं' म्हणून हाताने पासवर्ड भरतात. तेवढं करू नका.

कुठलं घ्यावं? ॲण्ड्रॉइड फोनमध्ये गूगलचं आणि आयफोनमध्ये ॲपलचं आधीच असतं, सुरुवातीला ते पुरतं. वेगळं हवं तर बिटवॉर्डन फुकटात भागतं. किपासएक्ससी सगळं तुमच्याच संगणकावरच्या एका फाइलमध्ये ठेवतं. मला ते आवडतं, पण फाइलची दुसरी प्रत ठेवण्याची शिस्त नसेल तर नको. तुमची भीती मात्र खोटी नाही. २०२२ मध्ये लास्टपास या अशाच एका ॲपच्या कंपनीतून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड भक्कम होता त्यांच्या तिजोरीतले पासवर्ड कुलपातच राहिले. ज्यांचा कच्चा होता त्यांना सगळं बदलत बसावं लागलं. वरच्या सात शब्दांचा आग्रह त्यासाठीच.

ॲप नकोच असेल तर वही चालेल, पण तिच्यात थोडी सुधारणा करू. वहीत पासवर्ड पूर्ण लिहू नका. प्रत्येकाच्या शेवटी एक छोटं शेपूट जोडा, चारपाच अक्षरांचं, जे वहीत कुठेच नसेल, फक्त तुमच्या डोक्यात. वहीत समजा लिहिलंय 'कढई दोर विळा', प्रत्यक्षात भरताना पुढे शेपूट. वही कुणाच्या हाती पडली तरी ती अपुरी किल्ली आहे. हे मी म्हटलं त्या घरातल्या माणसांसाठी. दोन्ही वेळा पुतण्या किंवा भाचाच होता, आणि दोन्ही वेळा वही टीव्हीखाली होती. ती एफडीच्या पावत्यांजवळ कुलपात ठेवा, पर्समध्ये नको. तिचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचा मोह आवरा. बँकेचे पासवर्ड आणि कुठलाही पिन मात्र वहीत अजिबात नको; ॲप नसेल तर बँकांचे ते दोन तेवढे पाठच करा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं: पिन, पासवर्ड दुसऱ्याला देण्यासारखा निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे काही विपरीत घडलंच तर वेळ घालवू नका. बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला लगेच फोन.

मोबाइलमध्ये 'एटीएम काका' नावाने नंबर साठवून त्याच्या शेवटच्या चार आकड्यांत पिन लपवणारे अजून भेटतात. ही युक्ती चोरांनाही पाठ आहे. काका, मामा, आत्या, सगळे तपासले जातात.

आता एक जागा, जिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. 'पासवर्ड विसरलात तर' म्हणून विचारलेले प्रश्न: आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, पहिली शाळा. अमेरिकेत कदाचित हे गुपित असेल. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेट्यात जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, मूळ गाव, मामांचं आडनाव आणि गाव सगळं सुबक कागदावर छापून दोनशे अनोळखी घरांत व्हॉट्सॲपने जातं. तुमचा मुलगा लग्नाचा झाला असेल तर तुमचं माहेरही त्यात आहे. म्हणून या प्रश्नांना खरं उत्तर द्यायचंच नाही. आईचं माहेरचं आडनाव 'कढई', आणि ते वहीत टिपून ठेवायचं. ई-आधारच्या फाइलचंही तसंच. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, हे सगळ्या देशाला माहीत आहे. ती फाइल कुलूपबंद आहे समजून कुणालाही पुढे पाठवू नका.

मेलला दुसरी पायरीही लावा, म्हणजे पासवर्डानंतर फोनवर होकार मागणारी. गूगल त्यासोबत आठ आकडी दहा राखीव संकेत देतं. ते छापून पावत्यांच्या पाकिटात ठेवा, फोन हरवला की तेवढेच कामी येतात. नंबरही जपा. रिचार्ज न केलेला बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे. परदेशी गेलेली आपली मुलं इथलं सिम विसरतात आणि वर्षाने बँकेत शिरता येत नाही म्हणून फोन करतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल: दर तीन महिन्यांनी बदलायचा का? बँक सक्ती करते तिथे बदला, इलाज नाही. बाकी ठिकाणी यादी फुटल्याचं कळलं तरच. हा तीन महिन्यांचा आणि 'एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह' हा नियम अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या एका दस्तऐवजातून पसरला. तो लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी निस्टनेही तो आग्रह सोडला. आपल्या कार्यालयांतून तो कधी जाईल सांगता येत नाही. शाळेचे सरल, यूडायसचे पासवर्ड मात्र चारजणांच्या हातातले असतात, त्यांना तुमच्या कुठल्याही पासवर्डाचा वाससुद्धा लागू देऊ नका.

एका दमात तीसही बदलायला बसू नका, कंटाळून अर्ध्यावर सोडाल. या रविवारी यादी आणि मेल. पुढच्या रविवारी दोन्ही बँका. मग जिथे पैसे किंवा कागदपत्रं आहेत ते, एलआयसी, डिजिलॉकर, रेल्वे. वीजबिलाचा राहिला मागे तर राहू द्या.

आणि वहीवर 'पासवर्ड' असं लिहू नका. माझ्या आईच्या वहीवर 'दिवाळी फराळ, प्रमाण' असं लिहिलंय. पहिल्या चार पानांवर खरोखर चकलीच्या भाजणीचं प्रमाण आहे, आणि ते बरोबर आहे.